देवमाशाचे वाटे

लामालेरा गावात देवमासा किनाऱ्याला लागतो तेव्हा तो आधीच वाटला गेलेला असतो. कोणता तुकडा कुणाचा हे ठरवायला तिथे कुणी बसत नाही. सुरी कुठून कुठे फिरवायची त्या रेषा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत आणि प्रत्येक भागाला धनी आहे. डोक्याचा काही भाग गावात सर्वांत आधी वस्ती करून असलेल्या, जमिनीचे मूळ धनी मानल्या गेलेल्या कुळांकडे जातो, मग त्या दिवशी त्यांच्यातला एकही माणूस समुद्रात गेलेला नसला तरी चालते. होडीच्या नाळेवरून भाल्यासकट उडी घेणारा 'लामाफा' आपला वाटा घेतो, वल्हेकरी आपला. भाल्याचे पाते घडवणारा लोहार, शीड विणणारा आणि होडी बांधणारा सुतार यांचेही वाटे आहेत. उरलेले मोठे भाग होडीची सामाईक मालकी असलेल्या घरांचे. या घरांतली कित्येक माणसे आता वल्हे उचलू शकत नाहीत, पण होडीच्या दुरुस्तीला लाकूड, दोर, धान्य त्यांच्याकडूनच आलेले असते. एवढे झाल्यावर घरोघरच्या बायका आपल्या वाट्यातून पुन्हा वाटे काढतात आणि विधवेच्या, आजाऱ्याच्या, दूरच्या नातलगाच्या दारी पोचवतात. इंडोनेशियाच्या या दुर्गम गावाच्या भवितव्याविषयी बाहेर जे काही बोलले जाते त्यात भाला असतो, रक्त असते, उडी घेणाऱ्या माणसाचे छायाचित्र असते. वाटप क्वचितच असते. आणि माझ्या मते गावाचे पुढे काय होणार याचे उत्तर त्या वाटपातच आहे.

लामालेरा हे लेंबाता बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सावू समुद्राकडे तोंड करून वसलेले दोनेक हजार वस्तीचे गाव. फ्लोरेसच्या पूर्वेला सोलोर द्वीपसमूह आहे, त्यातले हे बेट. लेंबाता १९९९ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याचे ठिकाण लेवोलेबा उत्तरेच्या अंगाला, आणि तिथून लामालेरापर्यंतच्या रस्त्याची ख्याती पाठीचे मणके मोजायला लावणारा अशी आहे. गाव कॅथलिक आहे. १ मे रोजी किनाऱ्यावरच्या छोट्या चॅपेलपुढे मिस्सा होतो, समुद्रात गेलेल्यांचे स्मरण होते आणि 'लेफा' म्हणजे शिकारीचा हंगाम सुरू होतो. तो साधारण ऑक्टोबरपर्यंत चालतो. हंगामाबाहेर देवमासा दिसलाच तर 'बालेओ' अशी आरोळी उठते आणि हातातले काम टाकून माणसे होड्यांकडे धावतात. शिकार मुख्यतः स्पर्म व्हेलची. मराठी वर्तमानपत्रांत हा प्राणी सहसा 'व्हेलची उलटी' पकडल्याच्या बातमीपुरताच भेटतो: कोकणात कुठेतरी गाडी अडवली, कोट्यवधींचा ऐवज, इतके अटकेत. त्याच प्राण्याचे मांस बेटावर मक्याच्या कणसांशी बदलले जाते. निळ्या देवमाशाला मात्र लामालेराचे लोक हात लावत नाहीत. त्याने पूर्वजांचे रक्षण केले अशी त्यांची श्रद्धा आहे.

वाटपाची ही पद्धत आली कुठून, याचे उत्तर जमिनीत आहे. गावाच्या पाठीशी लाबालेकांग ज्वालामुखीचा उतार आहे, खडकाळ आणि कोरडा. धान्य पिकवायला जागा नाही. वर डोंगरातल्या गावांत मका, केळी, कंद आहेत. तिथे मीठ, मासळी आणि पानाला लागणारा चुना नाही. त्यामुळे लामालेराच्या बायका वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, मीठ, चुना डोक्यावर घेऊन चढ चढतात आणि धान्य घेऊन उतरतात. जवळच्या वुलांडोनी गावी शनिवारचा बाजार भरतो, तिथेही व्यवहार बराचसा वस्तूंच्या अदलाबदलीचा. सहा नगांचे एक माप आहे, त्याला 'मुंगा' म्हणतात. म्हणजे गावाचा चरितार्थ दोन टेकूंवर उभा आहे: समुद्रातून अनिश्चित वेळी येणारा प्रचंड मोठा घास आणि डोंगरातून नेमाने येणारे थोडे थोडे धान्य. एका देवमाशाचे मांस कुणा एका घराला पुरूनही कितीतरी उरेल. तो महिनाभर मिळालाच नाही तर मात्र सर्वांची सारखीच पंचाईत. अशा ठिकाणी वाटून खाणे हे औदार्यापेक्षा विम्याच्या जवळचे आहे. हप्ता मांसात भरायचा आणि भरपाईही मांसातच घ्यायची.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. आर. एच. बार्न्स या मानववंशशास्त्रज्ञाने अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर १९९६ मध्ये या गावावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात होड्यांचे मालकी-गट आणि वाटे यांचा बारीक तपशील आहे. पुढे मायकेल अल्वार्ड आणि डेव्हिड नोलिन यांनी मोजमाप केले. एकट्याने गळ टाकून किंवा जाळे लावून जे मिळते त्यापेक्षा देवमाशाच्या शिकारीत माणशी उत्पन्न सरासरीने जास्त पडते असे त्यांना आढळले, पण अट अशी की पुरेशी माणसे होडीत बसली पाहिजेत. पहाटे किनाऱ्यावर जमलेल्या प्रत्येकाला बाकीचे येतील असा भरवसा हवा, आणि आल्यावर वाट्यावरून भांडण होणार नाही असाही. ठरलेल्या रेषा हा भरवसा पुरवतात. नोलिनने घराघरांतली अन्नाची देवाणघेवाण नोंदवली तेव्हा नात्याचा आणि शेजाराचा भाग दिसलाच, पण सर्वांत ठळक दिसली ती परतफेड: ज्याने दिले त्याला मिळते. आणखी एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. जगभरातल्या पंधरा छोट्या समाजांत संशोधकांनी एक खेळ खेळवला. एकाला काही ऐवज द्यायचा, त्याने अनोळखी जोडीदाराला त्यातला किती देऊ ते सांगायचे. जोडीदाराने नाकारले तर दोघांनाही काहीच नाही. पेरूतल्या माचिगेंगा लोकांनी सरासरी चौथ्या हिश्शाच्या आसपास देऊ केले. लामालेरात, जिथे पैशांऐवजी सिगारेटची पाकिटे वापरली, देऊ केलेला वाटा सरासरी निम्म्याहून अधिक, ५७-५८ टक्क्यांच्या घरात होता. ही माणसे जन्मतः उदार आहेत असा याचा अर्थ मी घेत नाही. वाट्यावरून वाद झाला तर पुढची होडी भरणार नाही, हे ती पिढ्यान्‌पिढ्या पाहत आली आहेत, एवढाच घेतो. गावात तंटा असेल तर समुद्र पाठ फिरवतो या समजुतीपोटी हंगामाआधी भांडणे मिटवण्याची रीत आहे. श्रद्धा आणि हिशोब इथे एकाच वल्ह्याला लागलेले दिसतात.

बाहेरून आलेल्या जवळजवळ प्रत्येक योजनेने मात्र शिकार पाहिली, वाटप पाहिलेच नाही. १९७३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने देवमाशाच्या शिकारीतला एक नॉर्वेजियन जाणकार इथे पाठवला. हेतू असा की बांबूच्या दांड्यावर लोखंडी टोक बसवून उडी घेणाऱ्या लोकांना आधुनिक शिकार शिकवावी. आज हे वाचताना हसू येते. दहाएक वर्षांतच जग व्यापारी शिकारीवर बंदी घालायला निघणार होते आणि इकडे एक जागतिक संस्था शिकार वाढवायला माणूस धाडत होती. प्रयोग तीन वर्षांत आटोपला, आणि संघटनेच्या अहवालालाच मान्य करावे लागले की या लोकांनी आपल्या साधनांना, रीतीभातींना मानवेल अशी पद्धत स्वतःच घडवलेली आहे. मासा जास्त मिळाला की गाव सुखी होईल हे त्या योजनेमागचे गृहीतक होते. जास्त मासा कुणाच्या नावावर लागेल हा प्रश्न तिच्या कागदांत नव्हता.

छत्तीस वर्षांनी वारा उलटा वाहू लागला, पण नजर तीच राहिली. मे २००९ मध्ये मानाडोला भरलेल्या जागतिक महासागर परिषदेत इंडोनेशियाने सावू समुद्रात सुमारे ३५ लाख हेक्टरचे संरक्षित सागरी क्षेत्र जाहीर केले. लामालेराच्या लोकांनी त्याआधीच जोराचा विरोध केला होता आणि त्यांच्या पाण्याचा पट्टा त्यातून वगळावा लागला. संरक्षणवाद्यांना ही हार वाटली. मला ती संवादाची हार वाटते. गावापुढे प्रश्न आला तो 'देवमासा की तुम्ही' असाच, आणि अशा प्रश्नाला कुठलेही गाव जे उत्तर देईल तेच त्यांनी दिले.

शेजारच्या सोलोर बेटावरच्या लामाकेराची गोष्ट इथे ताडून पाहायला हवी. तेही समुद्रात भाला टाकणारेच गाव, पण मुस्लिम. तिथली मुख्य शिकार मांता रे या अजस्र पंखांच्या माशाची. पूर्वी वर्षाला दोन-तीनशे मांता मिळत. मग माशाच्या कल्ल्यांतल्या चाळणीसारख्या पात्यांना चिनी औषधांच्या बाजारात मागणी आली, होड्यांना इंजिने बसली, आणि २००२ च्या एका पाहणीत वार्षिक शिकारीचा अंदाज दीड हजाराच्या आसपास गेला. मांता दोन-तीन वर्षांतून एखादेच पिल्लू देते. तिला हा मारा झेपणारा नव्हता. २०१४ मध्ये इंडोनेशियाने मांताच्या शिकारीवर देशभर बंदी घातली, आणि ती योग्यच होती. पण दोन गावांतला फरक धर्माचा नाही, धाडसाचाही नाही. मांस जोवर शेजारच्या डोंगरातल्या मक्याशी बदलत होते तोवर मागणीला पोटाएवढी मर्यादा होती. परदेशी व्यापाऱ्याच्या पिशवीला तशी मर्यादा नसते. लामालेराच्या लोकांनीही मांताची पाती विकली आहेत, तेव्हा त्यांना सोवळे ठरवण्याचा माझा इरादा नाही. जिथे माल ठरलेल्या वाट्यांतून सुटून थेट रोख पैशात गेला, तिथे हात आवरला गेला नाही, एवढेच या दोन गावांच्या तुलनेतून हाती लागते.

म्हणून या गावाला खरा धोका बंदीपेक्षा पेट्रोलचा आहे असे मी म्हणतो. २००० नंतर लामालेरात बाहेरून बसवायच्या इंजिनांच्या छोट्या होड्या वाढल्या. 'जॉन्सन' या जुन्या छापावरून तिथे त्यांना 'जोनसन'च म्हणतात. नायलॉनची तरंगती जाळीही आली. आता मोठ्या परंपरागत होडीला, 'तेना'ला, जोनसन ओढत देवमाशापर्यंत नेते आणि अखेरचा भाला तेनावरून पडतो. दिसायला ही सोयीची तडजोड आहे. तेनाचे शीड ताडाच्या जातीच्या गेबांग झाडाच्या पानांचे, खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या, दोर गावातच वळलेला. ती बांधायला माणसांचे श्रम आणि घरांचे धान्य लागते, म्हणून तिची मालकी अनेक घरांत पसरलेली राहते. इंजिन मात्र एकाच्या पैशाने येते आणि रोज पेट्रोल पिते. केळी देऊन पेट्रोल मिळत नाही. ज्याने पैसे घातले त्याचा हक्क आपसूक वर चढतो, आणि ज्याच्याकडे नोकरीतला भाऊ किंवा परगावी कमावता मुलगा आहे तोच पैसे घालू शकतो. जाळ्याचेही तसेच. दोघे-तिघे रात्री जाळे सोडून येतात, मासळी त्यांचीच. बरे, यात चूक कुणाची? रात्री जाळे लावणाऱ्याला पोराच्या शाळेची फी भरायची आहे. पण पहाटे तेना ढकलायला दहा माणसे कमी पडली की वाटपाच्या सगळ्या रेषा कागदावरच्या होतात.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: स्पर्म व्हेल जगात असुरक्षित गणला जातो, इंडोनेशियाच्याच १९९९ च्या नियमांत देवमाशांना संरक्षण आहे, मग वाटपाचे कौतुक करून शिकारीला आडोसा कशाला देता? आक्षेपात दम आहे. विसाव्या शतकात कारखानदारी शिकारीने साडेसात लाखांहून अधिक स्पर्म व्हेल मारले. लामालेराला एखाद्या बऱ्या वर्षी काही डझन मिळतात, वाईट वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण दुसऱ्याच्या पापाने आपले पुण्य होत नाही, आणि सावकाश वाढणाऱ्या प्राण्याच्या स्थानिक कळपांना लहान शिकारही जड जाऊ शकते. तेव्हा मोजणी हवी, मर्यादा हवी, आणि एखाद्या दिवशी ती शून्यावर आणावी लागली तर तेही नाकारता येणार नाही. इंडोनेशिया आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाचा सदस्य नाही, पण त्यामुळे ही जबाबदारी टळत नाही. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. वाटप करणारे गट जिवंत असताना मर्यादा घातली तर ती पाळून घेणारे कुणीतरी आहे. ते मोडल्यावर घातली तर समोर उरतात जाळीवाले एकेकटे कोळी आणि पेट्रोलसाठी धावणारी गस्तीची बोट. पहिल्या मार्गात गावच राखणदार होते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. शहरात बसून गरिबांच्या सामूहिकतेचे गोडवे गाणे सोपे असते. ओझी वाहून चढ चढणाऱ्या बाईला विचारा, दोरात पाय अडकून बुडालेल्या वल्हेकऱ्याच्या घरी विचारा. वाटून खाणे ही अनेकदा सक्तीही असते: ज्याला पुढे जायचे त्याच्या पायात घरोघरचे हात. हे सारे मान्य केले तरी लामालेरा अडकून पडलेले गाव आहे असे पुराव्यावरून दिसत नाही. इंडोनेशियातल्या शाळाशाळांतून ज्यांची व्याकरणाची आणि लेखनाची पुस्तके पिढ्यांनी वाचली ते भाषाशास्त्रज्ञ गोरिस केराफ १९३६ मध्ये या गावात जन्मले, आणि त्यांनी प्रबंध लिहिला तो लामालेराच्या बोलीवर. १९९९ ते २००१ या काळात इंडोनेशियाचे पर्यावरणमंत्री असलेले सोनी केराफही इथलेच. देवमासा मारणाऱ्या गावाने देशाला पर्यावरणमंत्री द्यावा, यातला विरोधाभास ज्याला त्याला हवा तसा घ्यावा. मला त्यात एवढे दिसते की मिशनच्या शाळेची वाट या गावाने फार आधीपासून धरली, आणि गेलेल्यांना परतायला एक जागा ठेवली. जो जातो तो होडीच्या गटातून कायमचा गळत नाही. त्याचे घर, त्याचे कूळ वाट्यात राहते. जाण्याचे धाडस मागे असलेल्या या खात्रीतूनही येत असणार. शहरात नोकरी गेली तर गावात पट्टीभर मांस आणि मूठभर मका मिळेल, ही खात्री गरीब माणसाच्या पदरातली छोटी गोष्ट नव्हे.

तिसरे म्हणणे असे की ही खात्री आता राज्य देईल आणि पर्यटन देईल. देवमाशाची गरज काय? राज्य काही देते हे खरे. २०१४ च्या ग्राम कायद्यानंतर इंडोनेशियातल्या सत्तर हजारांहून अधिक गावांना केंद्राकडून थेट निधी मिळू लागला, त्याच वर्षी राष्ट्रीय आरोग्य विमाही सुरू झाला. रस्ता, पाणी, दवाखाना यांसाठी हा पैसा मोलाचा आहे, आणि विमा आजारात धावून येतो. पण मासळीच नाही मिळाली तर त्या आठवड्यात चूल कशी पेटणार, याला त्यात उत्तर नाही. पर्यटनाविषयी मी जरा अधिक साशंक आहे. देवमासा दाखवून पैसे मिळवता येतील, जगात अनेक ठिकाणी मिळतात. पण लामालेरापर्यंत पोचणारा पाहुणा दोन रात्री एका घरी राहतो, एका बोटवाल्याला पैसे देतो. त्या बोटवाल्याच्या पैशात लोहाराचा वाटा कुठे, विधवेचा कुठे, जमिनीच्या मूळ धन्याचा कुठे? अवघ्या गावाच्या पोटातला मासा काढून घ्यायचा आणि बदल्यात चार घरांच्या खिशात नोटा घालायच्या, याला पर्यायी उपजीविका म्हणणे मला तरी जड जाते. हीच कमाई तेनाच्या नावे जमा झाली आणि जुन्याच रेषांनी वाटली गेली तर गोष्ट वेगळी. तसे झाले तर भाला खाली ठेवण्याची चर्चाही त्या गटांशी करता येईल, कारण सोडलेल्या मांसाच्या बदल्यात काय मिळते हे प्रत्येक वाटेकऱ्याला दिसेल.

हे अशक्य नाही. समुद्रावरचे हक्क कसे असावेत याबाबत इंडोनेशियानेच बरे-वाईट दोन्ही करून पाहिले आहे. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने छोट्या कोळ्यांच्या बाजूने ट्रॉलरवर बंदी आली. गोव्यात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध आंदोलन पेटवल्यावर तिथला सागरी मासेमारी नियमन कायदा झाला तोही १९८० सालचाच. दोन किनाऱ्यांवर एकाच वेळी एकच भांडण चालू होते. पुढे २००७ च्या कायद्याने इंडोनेशियाने किनाऱ्यालगतच्या पाण्याचे हक्क कंपन्यांनाही देण्याची वाट काढली, ती २०११ मध्ये घटना न्यायालयाने बंद केली. आता २०२३ च्या नियमाने मोजून मासे धरण्याची कोटापद्धत आणली आहे. उद्योगांचा कोटा वेगळा, स्थानिक कोळ्यांचा वेगळा. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे, म्हणजे अजून बदलाला जागा आहे. स्थानिक कोटा माणशी न देता होडीच्या गटाला दिला, तर सरकारी कागद पहिल्यांदा लामालेराच्या रेषांवरून चालेल. पण मच्छीमारांची नोंद होते ती 'कुसुका' नावाच्या कार्डावर, आणि त्या कार्डात बसते एक व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था. आजोबांच्या होडीचे नाव नव्या होडीला देऊन, त्याच घरांना तेच वाटे देत आलेला गट यांपैकी कशातच बसत नाही.